आधी स्क्रीन, मग डबा

परीक्षा संपतात, निकाल लागतात, ॲडमिशनची धावपळ सुरू होते आणि बऱ्याच घरांत रात्रीच्या जेवणाला एक नवा विषय निघतो. ‘बाबा, पीसी घ्यायचाय. गेमिंगवाला.’ व्हॉट्सॲपवर दुकानदाराचं कोटेशन आलेलंच असतं. आकडा साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत कुठेही असू शकतो. आई विचारते, एवढ्या पैशांत येतं तरी काय? मग आपण सुरू होतो : ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम, लिक्विड कूलर, इंद्रधनुष्यासारखे चमकणारे पंखे. यादी संपता संपता शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘मॉनिटर – बजेटनुसार.’ म्हणजे उरलेल्या पैशांत जो बसेल तो.

आमचं म्हणणं एवढंच, की ही यादी खालून वर वाचा. आधी मॉनिटर ठरवा, मग त्याला पुरेल असा डबा जुळवा. सल्ला उलटा वाटेल. पण घरातून एकदाच निघणारे हे पैसे नीट कामी यावेत असं वाटत असेल, तर दुकानात जाण्याआधी दहा मिनिटं याला द्या.

साठच्या स्क्रीनवर दोनशेचा जोर

ग्राफिक्स कार्डाचं काम एकच, चित्रं तयार करायची. एका सेकंदात किती चित्रं तयार झाली, तो आकडा म्हणजे एफपीएस. ती चित्रं आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचवायचं काम मॉनिटरचं. तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, ते हर्ट्झमध्ये मोजतात. त्यालाच रिफ्रेश रेट म्हणायचं.

ऑफिसातला साधा मॉनिटर बहुतेक वेळा ६० हर्ट्झचा असतो. त्यावर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद राहतं. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तेच चित्र ६.९ मिलिसेकंदांत बदलतं. आता समजा, तुमचं कार्ड सेकंदाला दोनशे चित्रं काढतंय आणि समोर ६०चा मॉनिटर आहे. माऊसचा प्रतिसाद थोडा सुधारेल, पण त्या दोनशेपैकी बहुतेक चित्रं तुम्हाला पूर्ण दिसणारच नाहीत. उलट दोन वेगळ्या चित्रांचे तुकडे एकाच वेळी येऊन स्क्रीनवर आडवी चीर पडल्यासारखं दिसेल. महागडं कार्ड घेऊन असं खेळणं म्हणजे गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी बुलेट घेऊन लक्ष्मी रोडवर निघणं. इंजिनात दम आहे, रस्ता कुठाय?

याच्या उलटही होतं. कुणीतरी सेलमध्ये फोर-के मॉनिटर उचलतो आणि जोडतो साध्या कार्डाला. गणित बघा. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० : जवळपास २०.७ लाख ठिपके. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४० : ३६.९ लाख. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० : ८२.९ लाख, फुल एचडीच्या बरोबर चौपट. कार्डाला एवढे ठिपके दर सेकंदाला साठ वेळा, शंभर वेळा रंगवायचे असतात. बिचारं दमतं, गेम अडखळतो आणि मग आपण सेटिंग ‘लो’वर आणून फोर-के स्क्रीनवर धूसर झाडं बघत बसतो.

म्हणूनच दोघांची जोडी जुळायला हवी. आणि सुरुवात मॉनिटरपासून करण्यामागे व्यवहाराचं आणखी एक कारण आहे. कार्ड तीन-चार वर्षांत नव्या गेमपुढे धापा टाकायला लागतं. चांगला मॉनिटर मात्र पुढच्या पीसीलाही चालतो. कॉलेजचा लॅपटॉप त्याला जोडता येतो, आईची मीटिंग त्यावर होते, बाबांना मॅच बघता येते. घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला येणारी वस्तू तीच, आणि यादीत सगळ्यात खाली तीच!

तुम्ही खेळता काय?

दुकानदाराने हा प्रश्न विचारला नाही, तर स्वतःला विचारा. उत्तर खरं द्या.

समजा तुमचा सगळा जीव व्हॅलोरंटमध्ये किंवा काउंटर-स्ट्राइक २मध्ये आहे. हे गेम हलके आहेत. व्हॅलोरंट २०२०मध्ये आला, तेव्हा १४४ एफपीएससाठी रायट गेम्सने सुचवलेल्या कार्डांत जीटीएक्स १०५० टीआय होतं, म्हणजे २०१६ सालचं साधं कार्ड. अशा गेममध्ये शत्रू कोपऱ्यातून डोकावला की तो तुम्हाला किती लवकर दिसतो, यावर खेळ ठरतो. तिथे भारीतल्या कार्डापेक्षा १४४ किंवा १८० हर्ट्झचा मॉनिटर आणि बऱ्यापैकी प्रोसेसर जास्त कामाला येतो.

दुसरीकडे सायबरपंक २०७७सारखे गोष्ट सांगणारे, डोळे दिपवणारे गेम. रे ट्रेसिंग सुरू केलं की भली भली कार्डं घाम गाळतात. इथे दोनशे एफपीएसची गरज नाही. स्थिर ६० ते ९० एफपीएस, चांगले रंग आणि थोडी मोठी स्क्रीन असली की मजा येते. पैसा कार्डाकडे वळवा, मॉनिटर १४४०पीचा घ्या.

आणि पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ अजून खेळला नसेल, तर जरूर खेळा. आपल्याकडच्या कथा आणि चित्रशैली घेऊन केलेला २०२०चा हा गेम दुसऱ्याच जातकुळीतला. त्याची खरी गंमत रंगांत आहे, आणि रंग बघायला रंग दाखवणारी स्क्रीन लागते.

आणखी एक. तुमचा सगळा खेळ बीजीएमआयवर असेल, तर तो मोबाइलसाठी बनलेला गेम आहे. त्यासाठी पीसीचा खर्च करू नका.

तीन जोड्या

बहुतेकांचं काम तीनपैकी एका जोडीत भागतं.

पहिली : २४ इंच, फुल एचडी, १४४ हर्ट्झ किंवा जास्त. पहिल्यांदाच पीसी घेणाऱ्यांसाठी, स्पर्धात्मक गेमवाल्यांसाठी आणि हॉस्टेलच्या टेबलासाठी हीच. मधल्या दर्जाचं कार्ड तिला पुरतं.

दुसरी : २७ इंच, १४४०पी, १४४ ते १८० हर्ट्झ. गेमही, एडिटिंगही, कोडिंगही. बजेट ताणता येत असेल तर इथे थांबा.

तिसरी : फोर-के. तगडं कार्ड घेण्याची ऐपत असेल तरच. पहिल्या पीसीला ही चैन नको.

एक चूक हमखास होते. २७ इंची मॉनिटर स्वस्त मिळतोय म्हणून फुल एचडीतला उचलला जातो. २४ इंचांवर फुल एचडीचे एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचांवर तेच पसरून ८२ होतात. टेबलाशी बसल्यावर अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात. २७ इंचांवर १४४०पी घेतलं तर १०९ बसतात. स्क्रीन मोठी हवी असेल तर ठिपकेही वाढवा.

खोक्यावरच्या शब्दांची फोड

पॅनेलचे प्रकार मुख्यतः चार. आयपीएसमध्ये रंग चांगले आणि बाजूने बघितलं तरी फिके पडत नाहीत. पहिल्या खरेदीला डोळे झाकून हाच घ्या. व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद दिसतो, पण स्वस्त मॉडेलमध्ये अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूंमागे शेपटी दिसते. टीएन वेगवान पण रंगांत मार खातो. ओलेड सगळ्यात देखणा, पण महाग. शिवाय एकच चित्र तासन्‌तास राहिलं, तर त्याचा डाग कायमचा उमटण्याचा धोका त्यात असतो.

‘१ एमएस’ हे स्टिकर तर सगळ्यांवरच असतं. त्यासोबत जीटीजी लिहिलंय की एमपीआरटी, ते वाचा. दोन्ही मापं वेगळी आहेत, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. ‘एचडीआर’चंही तसंच. डिस्प्ले एचडीआर ४०० ही खालची पायरी आहे. तेवढ्यासाठी हजारो रुपये जास्त मोजू नका.

फ्रीसिंक किंवा जीसिंक मात्र बघूनच घ्या. कार्ड जितक्या वेगाने चित्रं देईल, त्या वेगाशी मॉनिटरने आपला वेग जुळवायचा, अशी ही सोय. मघाशी सांगितलेली चीर त्यामुळे जाते. कार्ड थोडं कमी पडलं तरी गेम गुळगुळीत वाटतो. कमी बजेटवाल्यांना याचा फायदा सगळ्यात जास्त.

आणि स्टँड. त्याच्याकडे कुणीच बघत नाही. उंची बदलता येत नसेल तर मान वाकवून तास काढावे लागतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी. तसा स्टँड नसेल तर मागे आर्म बसवायची भोकं आहेत का बघा, नाहीतर खाली दोन जाड पुस्तकं ठेवा. इंजिनीअरिंगची जुनी पुस्तकं यासाठी एकदम कडक!

आता डब्याकडे

मॉनिटर ठरला की डब्यातली निम्मी भांडणं मिटतात. कार्ड निवडताना नुसतं नाव बघू नका, मेमरीही बघा. एकाच नावाची कार्डं वेगवेगळ्या मेमरीत येतात : आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबीतही आलं आणि १६ जीबीतही. फुल एचडीला ८ जीबीवर अजून निभावतं. १४४०पीवर नवे मोठे गेम खेळायचे तर १२ किंवा १६ जीबी शोधा.

जाहिरातीतल्या एफपीएसच्या आकड्यांनाही थोडं मीठ लावून घ्या. फ्रेम जनरेशन नावाचं तंत्र दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजाने तयार केलेली चित्रं घुसवतं. आकडा वाढतो, हालचाल मऊ दिसते, पण माऊस दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे कार्डांची तुलना करताना हे बंद ठेवून मिळणारे आकडे विचारा.

प्रोसेसर मधल्या फळीतला पुरतो. रॅम १६ जीबी घेणार असाल तर ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्या मिळून डेटा जास्त वेगाने पुरवतात. गेम ठेवायला १ टीबी एसएसडी हवी, कारण एकेक मोठा गेम आता शंभर जीबीच्या आसपास जागा खातो.

आणि ज्यावर सगळ्यात जास्त झोल होतो तो भाग म्हणजे एसएमपीएस. कोटेशनमध्ये कार्डाचं नाव ठळक असतं, एसएमपीएसपुढे नुसतं ‘६०० वॉट’. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, वॉरंटी किती, हे लिहून घ्या. हा भाग बिघडला तर जाताना मदरबोर्ड आणि कार्डालाही घेऊन जाऊ शकतो. चमकणारे पंखे कमी करा आणि ते पैसे इथे घाला. काचेच्या बंद डब्यापेक्षा पुढून जाळी असलेला, हवा खेळणारा कॅबिनेट घ्या. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत पीसी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि तो कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबू नका. आत गरम झालेला पीसी स्वतःचा वेग कमी करतो आणि आपण शिव्या घालतो गेमला.

‘पण मला लॅपटॉपच हवा,’ असं म्हणणारे बरेच असतील. गावाकडून पुण्या-मुंबईला शिकायला जाणाऱ्यांना तो घ्यावाच लागतो, त्यात चूक काही नाही. फक्त एक माहीत असू द्या. लॅपटॉपमधलं आणि डेस्कटॉपमधलं कार्ड एकाच नावाचं असलं तरी एकच नसतं. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०७० १२ जीबीचं आणि २०० वॉटचं, लॅपटॉपमधलं ४०७० ८ जीबीचं. शिवाय लॅपटॉपच्या कार्डाला किती वीज द्यायची ते लॅपटॉपची कंपनी ठरवते, त्यामुळे एकाच कार्डाचे दोन लॅपटॉप वेगवेगळे पळतात. स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी किती वॉट, ते शोधा. आणि इथेही खोलीवर २४ इंची मॉनिटर जोडला की मान आणि खेळ दोन्ही सुधारतात.

दुकानात गेल्यावर

मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला उतरून दुकानं पालथी घालण्यात एक मजा आहे. पण एकाच यादीची किमान तीन कोटेशन घ्या आणि त्यातली एक ऑनलाइन किमतींची करा. यादीत प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव असू द्या. ‘चांगला ब्रँड’ असं लिहिलेलं चालणार नाही.

‘बिल नको असेल तर एवढे कमी करतो’ हे वाक्य कानावर पडेल. सरळ नाही म्हणा. कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, वाचलेले पैसे मोठे दिसतात हे खरं. पण कच्च्या बिलावर दीड वर्षाने वॉरंटी मागायला गेलात तर तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर, आणि खोकी घरी सांभाळून ठेवायची.

सेकंड हँड घेत असाल तर मॉनिटर समोर चालू करून बघा. पूर्ण पांढरी, पूर्ण काळी, मग लाल-हिरवी-निळी स्क्रीन लावली की मेलेले ठिपके लगेच कळतात. जुन्या पीसीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत आहे का, तेही तपासा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे.

घरी आल्यावर दोन गोष्टी लगेच करा, कारण इथे बरेच जण फसतात आणि त्यांना पत्ताही नसतो. पहिली : मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या सॉकेटमध्ये लावा, मदरबोर्डच्या नाही. दुसरी : विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन रिफ्रेश रेट वाढवा. कित्येकदा १४४चा मॉनिटर नव्या पीसीवर ६०वरच चालू होतो आणि कुणी हात लावला नाही तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. सोबत आलेली डिस्प्लेपोर्ट केबल वापरा. कपाटातली जुनी एचडीएमआय केबल वरचा वेग पेलेलच असं नाही.

घरच्यांशी बोलताना

‘प्रोजेक्टसाठी लागतो’ ही थाप आता सगळ्या आई-बाबांना पाठ आहे. त्यापेक्षा खरं सांगा. गेम खेळणार आहे, हे सांगा. त्याच मशीनवर ब्लेंडर शिकता येतं, व्हिडिओ एडिट होतात, कोडिंग होतं, हेही सांगा, पण करणार असाल तरच. ई-स्पोर्ट्सला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये त्यात पदकंही दिली गेली, हे बरोबर. म्हणून पीसी घेतला की करिअर झालं, असं घरच्यांच्या गळी उतरवू नका. तिथपर्यंत फार थोडे पोहोचतात.

खर्चही पूर्ण मांडा. कोटेशनमध्ये कीबोर्ड, माऊस, हेडफोन, यूपीएस बहुधा नसतात. यूपीएसचा आकडा नीट वाचा : ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासच भार पेलतो. वीजबिलाचं गणित सोपं आहे. खेळताना सगळं मिळून ४०० वॉट धरले आणि रोज चार तास खेळलात, तर दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, हे बाबांना तुमच्याआधी माहीत असतं. ‘नो कॉस्ट ईएमआय’लाही भुलू नका. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बऱ्याचदा आपल्याच खिशातून जातो, आणि रोख घेतल्यावर मिळणारी सूट हातची जाते ती वेगळीच.

हे सगळं मांडून झाल्यावर बजेट वीस हजारांनी कमी झालं, तर रुसू नका. डब्यात नंतर भर घालता येते. आज ८-८च्या दोन पट्ट्या, पुढच्या वर्षी आणखी दोन. आज मधलं कार्ड, तीन वर्षांनी स्वतःच्या स्टायपेंडमधून पुढचं. मदरबोर्डवर मोकळ्या जागा आणि एसएमपीएसमध्ये थोडी जास्तीची ताकद ठेवली की एवढं जमतं. मॉनिटरमध्ये मात्र अशी भर घालता येत नाही. ६०चा घेतला तर तो ६०चाच राहतो, २७ इंचांवर फुल एचडी घेतलं तर अक्षरं तशीच फाटकी दिसत राहतात. जे नंतर बदलता येत नाही, त्यात आज कंजुषी नको.

तेव्हा ते कोटेशन पुन्हा उघडा. ‘मॉनिटर – बजेटनुसार’ ही ओळ खोडा, तिथे इंच, रिझोल्युशन, हर्ट्झ आणि पॅनेल लिहा, आणि ती ओळ सगळ्यात वर न्या. बाकी यादी तिच्याखाली जुळवा. मग जेवायला बसल्यावर आईने विचारलं, एवढ्या पैशांत येतं काय, तर प्रत्येक ओळीचं उत्तर तुमच्याकडे असेल.